उबेची साठवण

दिवाळी आटोपली आणि दमणगंगेच्या पात्रावर पहाटेचे धुके दिसू लागले, की सिल्वासातील बालरोगतज्ज्ञास एका प्रश्नाचे उत्तर दिवसातून दोन-तीनदा तरी द्यावे लागते. बाळासाठी हीटर घ्यावा काय, घ्यावा तर कोणता, आणि रात्रभर चालू ठेवला तर चालेल काय? नव्याने बाप झालेले तरुण ‘‘सर, ब्लोअर बरा की तेलाचा?’’ असे विचारतात. सोबत गावाहून आलेल्या आजींना मात्र हीटर हे नसते खूळ वाटते; त्यांचा विश्वास शेगडीवर. स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो तेव्हा एखाद्या गंभीर, दुर्मीळ आजारावर लिहावे असा माझा मानस होता. परंतु दुर्मीळ आजाराचे बाळ आपल्यापैकी प्रत्येकाकडे वर्षाकाठी एखादे येईल. ऊब कशी द्यावी हा प्रश्न मात्र येथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचा आहे, आणि त्याचे चुकीचे उत्तर प्राणावर बेतू शकते.

सिल्वासासारख्या ठिकाणी असा प्रश्न पडावा याचे बाहेरच्या माणसास नवल वाटेल. येथे जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दहा वाजेतो ऊन चटके देऊ लागते. पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना आपली थंडी म्हणजे थट्टाच वाटते. पण प्रौढाची थंडी आणि नवजाताची थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३ अंश तापमानाच्या खोलीत, जेथे आपण सदरा घालून सुखाने बसतो, तेथे उघड्या अंगाच्या नवजाताची उष्णता ज्या वेगाने निघून जाते, तो वेग शून्य अंशात उघडे उभे राहिलेल्या प्रौढाइतका असतो. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ आपल्या जवळजवळ तिप्पट. आपण कुडकुडून ऊब निर्माण करतो. त्याला कुडकुडता येत नाही. मानेभोवती, खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते आपली गरज भागवते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळापाशी ही चरबीही तुटपुंजीच असते. जन्मल्यावर ओले बाळ तसेच ठेवले, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत त्याचे तापमान दोन ते चार अंशांनी खाली येऊ शकते.

३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे नवजाताचे योग्य तापमान होय. ३६.० ते ३६.४ ही धोक्याची पहिली घंटा, ३२ ते ३५.९ म्हणजे मध्यम शीतावस्था आणि ३२ च्या खाली गेल्यास तीव्र. समव्यवसायी मित्रांना हे आकडे पाठच असतील. घरच्या मंडळींना मात्र मी तापमापकाआधी हात वापरावयास सांगतो. आपल्या हाताची पालथी बाजू प्रथम बाळाच्या पोटावर आणि मग तळपायावर ठेवावी. दोन्ही कोमट लागले तर सारे क्षेम. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडते आहे. पोटही गार लागले, तर बाळास छातीशी घेऊन दवाखाना गाठावा. येथे एक फसवणूक होते. गारठलेल्या बाळाचे गाल कधीकधी छान लालबुंद दिसतात आणि आप्तेष्ट ‘काय गुटगुटीत दिसतंय’ असे म्हणतात. ते बाळ दूध ओढत नाही, रडण्यात जोर नसतो, आणि रक्तातील साखर खाली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो, कारण ती आपल्या प्रदेशाची आहे. गारठलेली बाळे माझ्याकडे जितकी डिसेंबर-जानेवारीत येतात, जवळजवळ तितकीच जुलै-ऑगस्टमध्येही येतात. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, अर्धओली दुपटी बाळाभोवती गुंडाळली जातात, आणि खानवेलच्या पलीकडल्या पाड्यांतून दवाखान्यापर्यंतचा रस्ता भिजतच पार करावा लागतो. ओल्या कापडातून होणारे बाष्पीभवन थंड हवेपेक्षाही वेगाने ऊब चोरते. तेव्हा ‘थंडी संपली, आता काळजी नाही’ हे म्हणणे आपल्याकडे लागू नाही.

ब्रिटनमध्ये नोकरी करून आलेल्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ‘स्टोरेज हीटर’ ही वस्तू परिचयाची असेल. भिंतीलगत ठेवलेली जड पेटी, आत घट्ट दाबून बसविलेल्या विशेष विटा आणि त्यांतून फिरणाऱ्या विजेच्या तारा. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा काही शे अंशांपर्यंत तापवावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी ती ऊब हळूहळू खोलीत सोडावयाची. १९७८ पासून तेथे रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दराची ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजना आली आणि अशा पेट्या घरोघर झाल्या. तिला दोन खुंट्या असतात. एक किती ऊब साठवावी याची, दुसरी ती किती सोडावी याची. नवखा माणूस दुसरी खुंटी रात्रीच सताड उघडतो. मग संध्याकाळी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा पेटी गार. जाणता माणूस उद्याचे हवामान पाहून पहिली खुंटी लावतो, दुसरी संध्याकाळपर्यंत जवळजवळ मिटलेली ठेवतो, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवतो, आणि त्या पेटीवर टॉवेल वाळत घालीत नाही. सिल्वासात असली पेटी कोणी घेऊ नये आणि घेणारही नाही. पण तिच्यातला विचार मला मोलाचा वाटतो. ऊब निर्माण करणे सोपे असते. ती साठविणे, जपून सोडणे आणि वाटेत गळू न देणे हे कौशल्याचे काम आहे. नवजाताच्या उबेचा सारा इतिहास याच विचाराभोवती फिरला आहे.

१८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहातील डॉ. स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. तिच्या खालच्या कप्प्यात गरम पाण्याचा साठा असे. त्यावरून तापलेली हवा वर बाळाकडे जाई. म्हणजे पहिले इन्क्युबेटर हेदेखील साठविलेल्या उबेचेच यंत्र होते. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी बाळाचे तापमान आणि त्याचे जगणे यांचा संबंध नोंदी ठेवून दाखविला. पुढे १९५८ साली न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम सिल्व्हरमन यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. बाकी सारी शुश्रूषा सारखीच ठेवून एका गटाच्या इन्क्युबेटरचे तापमान जेमतेम तीन अंशांनी अधिक ठेवले, आणि त्या गटात जगणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा सुमारे १५ ने वाढले. कोणत्याही नव्या औषधाने असे यश मिळविले असते तर त्याची केवढी जाहिरात झाली असती! अलीकडच्या काळात, २००७ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कामातून ‘एम्ब्रेस’ नावाची झोळी तयार झाली. तिच्यात मेणासारखा एक पदार्थ असतो. तो एकदा तापवून वितळविला, की पुन्हा गोठत जाताना काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहतो. बंगळुरूत राहून त्या मंडळींनी ती पुढे विकसित केली.

आपल्या घरांतूनही उबेची साठवण पूर्वापार चालत आलेली आहे. चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट, वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची बाटली हे सगळे त्याचेच प्रकार. त्यांचा दोष एकच आणि तो मोठा: त्यांना ३७ अंशांवर थांबता येत नाही. नवजाताची त्वचा पातळ, आणि चटका बसला तर त्याला अंग काढून घेता येत नाही. आपल्या हाताला ‘सोसवेल असे’ वाटणारे तापमान तासभर एकाच जागी टेकून राहिले, तर बाळाच्या मांडीवर खोल भाजल्याची जखम होते. म्हणून गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवू नये. हवी तर बाळाला ठेवण्यापूर्वी अंथरूण तिने तापवून घ्यावे, आणि पिशवी काढून मग बाळ निजवावे.

शेगडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर शेपा-ओव्याची धुरी, हे चित्र महाराष्ट्रात आणि आपल्या या हवेलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते निव्वळ अज्ञान होते असे मी म्हणणार नाही. आमच्या भागातील वारली किंवा कोकणा कुटुंबाचे जुने घर पाहावे. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचे लिंपण, छप्पर गवताचे वा कौलांचे. भिंतीच्या आणि छपराच्या मधल्या फटींतून वारा सदैव खेळत असतो. अशा घरात चूल पेटली काय किंवा शेगडी ठेवली काय, विषारी वायू बराचसा वर निघून जातो. तेथेही धुराने बाळाच्या छातीला त्रास होतोच, पण कोंडून मरण्याचा धोका कमी असतो. आता तीच शेगडी सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळीत आणा. दहा बाय दहाची खोली, वर सिमेंटचा स्लॅब, एक लोखंडी दार, एक खिडकी, आणि तीही डासांच्या व थंडीच्या भीतीने बंद केलेली. परंपरा तीच राहिली, पण तिच्याभोवतीचे घर बदलले. धोका या बदलात आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या एका सकाळी अशाच एका खोलीतून बारा दिवसांचे बाळ, त्याची आई आणि आजी अशी तिघेही रुग्णालयात आली. आईचे डोके फुटावे तसे दुखत होते, आजीला उलट्या होत होत्या; दोघींना रात्रीच्या जेवणातून विषबाधा झाली असावी असा घरच्यांचा समज होता. बाळ मलूल, श्वास उथळ. तिघांच्याही बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९८-९९. मी आजींना एवढेच विचारले, ‘‘रात्री खोलीत काय पेटवलं होतं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘शेगडी. धूर नव्हता हो अजिबात, चांगले फुललेले निखारे होते.’’

धूर नव्हता, यातच सारी मेख आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोंदट जागेतील फुललेला निखारा धूर देत नाही, पण हा वायू देतच राहतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. लहान बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद, म्हणून ते तो अधिक वेगाने आत घेते, आणि त्याच्या रक्तातील गर्भकालीन हिमोग्लोबिन तर त्याला विशेषच धरून बसते. वैद्यकमित्रांनी ध्यानात ठेवण्याजोगी बाब म्हणजे नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर येथे खोटे बोलतो. कार्बन मोनॉक्साइडने भारलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भारलेले भासते. रक्तवायू तपासणीत ऑक्सिजनचा दाबही ठीकच येतो. खरे उत्तर को-ऑक्सिमेट्रीत मिळते. ती सोय जवळ नसेल तर आकड्याची वाट न पाहता, इतिहासावर विसंबून शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तास-सव्वा तास. एकाच घरातील दोन-तीन जणांना एकाच सकाळी डोकेदुखी आणि उलट्या असतील, आणि महिना थंडीचा असेल, तर अन्नविषबाधा लिहिण्यापूर्वी शेगडीची आणि न्हाणीघरातील गॅस गिझरची चौकशी अवश्य करावी.

आई आणि आजी दोन दिवसांत बऱ्या झाल्या. बाळही वाचले. पण ते उशिरा बसू लागले, उशिरा बोलू लागले, आणि आजही त्याची आई दर तीन महिन्यांनी त्याला घेऊन येते. आजी एकदा माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘‘माझी पाच लेकरं ह्याच शेगडीवर वाढली, डॉक्टरसाहेब. तवा काहीच कसं झालं नाही?’’ त्यांच्या गावचे घर कौलारू होते. मी त्यांना कौलांच्या फटींविषयी सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. पटले की नाही, सांगता येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. स्लॅबच्या बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी कोणत्याही कारणाने, कितीही थोडा वेळ ठेवू नये. धुरीही नको. त्यापेक्षा विजेचा हीटर शतपटीने बरा, मात्र तो नीट वापरला तर.

हीटरविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. ‘हीटर ऑक्सिजन खातो’ असे सुशिक्षित मंडळीही म्हणतात. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, म्हणून तो ऑक्सिजन खात नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही सोडत नाही. खोली कोंदट होते ती आत निजलेल्या पाच-सहा माणसांच्या श्वासाने. तेव्हा खिडकीची वरची झडप बोटभर उघडी असावी. तापलेली हवा कोरडी होते हे खरे, पण आपल्या दमट प्रदेशात ती तक्रार उत्तरेइतकी नाही. अंगावरचे दूध नीट मिळत असेल तर बाळाला त्याचा विशेष त्रास होत नाही.

प्रकारांपैकी लाल होणाऱ्या कांबीचा हीटर बाळाच्या खोलीत नको. तो समोर असेल तेवढेच तापवतो, आणि पडदा, मच्छरदाणी वा ओढणीचे टोक त्याला लागले की पेट घेते. ब्लोअर खोली पटकन तापवतो, पण बंद केला की पाच मिनिटांत पूर्ववत गारवा. शिवाय त्याचा झोत बाळावर आला तर अंग उलट कोरडे आणि गार पडते. तेलाचा रेडिएटर हा त्यातल्या त्यात त्या ब्रिटिश पेटीचा धाकटा भाऊ. आतले तेल तापते, बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहते, आणि त्याचा थर्मोस्टॅट खोली ठरावीक तापमानाला आली की वीज तोडतो. (‘तेल किती महिन्यांनी भरायचं?’ असे बरेच जण विचारतात. ते जळत नाही आणि भरावेही लागत नाही.) बाळ येण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास खोली तापवून घ्यावी, २५ ते २८ अंशांच्या दरम्यान आणावी, आणि मग हीटर मंद करावा. भिंतीवर पन्नास-शंभर रुपयांचा साधा तापमापक टांगला की अंदाजपंचे कारभार थांबतो. खोलीचे दार वारंवार उघडत असेल, खिडकीच्या काचेला फट असेल किंवा बाळाची खाट बाहेरच्या गार भिंतीला टेकून असेल, तर हीटरचा आकार वाढवून उपयोग नाही. खाट आतल्या भिंतीकडे सरकवावी, खाली जाड सतरंजी घालावी, फटींत चिंध्या कोंबाव्या. निम्मी ऊब यातच वाचते.

आता विजेची बाजू. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर वीज घेतो. दिव्या-पंख्याच्या फळीवरील लहान प्लग ५-६ ॲम्पिअरचा असतो, आणि मोबाइलसाठी आणलेली एक्स्टेन्शन वायर त्याहून नाजूक. माझ्या पाहण्यात आलेल्या निम्म्याअधिक घरांत हीटर अशाच वायरीवर, आणि ती वायर गादीखालून नेलेली! हीटरला १५-१६ ॲम्पिअरचा, अर्थिंग असलेला तीन पिनांचा स्वतंत्र प्लगच हवा. अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून पाहावा. तो गरम लागला तर हीटर बंद करून वायरमनला बोलवावे. हीटरवर आयएसआय चिन्ह असावे, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी बसविलेले असावे. हीटर आणि खाट, पडदे, कपडे यांत किमान एक मीटर अंतर राखावे. त्यावर दुपटी वाळत घालू नयेत. पावसाळ्यात हा मोह फार होतो, हे मला ठाऊक आहे. दुपटी हीटरपासून लांब दोरीवर घालून खोली तापवली तरी ती वाळतात. सारे घर झोपणार असेल तेव्हा हीटर बंद करावा, आणि रात्री बाळाची ऊब अन्य उपायांवर सोपवावी.

गिझरबाबत दोन शब्द. नवजाताला पहिले २४ तास तरी अंघोळ घालू नये, आणि अशक्त बाळाला तर नाळ पडेतो कोमट पाण्याने पुसणेच पुरे. साठवणीच्या विजेच्या गिझरचे थर्मोस्टॅट ५० अंशांच्या वर ठेवू नये. टबात आधी गार पाणी आणि मग गरम, कोपर बुडवून पाहावे, आणि बाळ पाण्यात असताना वरचा नळ सोडू नये. गावातील एका कुटुंबाने बाळाच्या पाळण्यावर मोठ्या श्रद्धेने दिवा टांगलेला मी पाहिला. पूर्वीच्या शंभर वॉटच्या पिवळ्या दिव्याने खरेच ऊब मिळत असे. हा दिवा एलईडीचा होता. उजेड भरपूर, ऊब नाही.

मग रात्री बाळाची ऊब कशावर सोपवावी? थोडे गणित करू. दोन किलो वजनाच्या बाळाचे शरीर साधारण चार-पाच वॉट इतकीच उष्णता निर्माण करते. त्याची ऊब टिकविण्यासाठी आपण २००० वॉटचा हीटर लावतो आणि आठ तासांत १६ युनिटे जाळतो. शेजारी निजलेली आई मात्र विश्रांतीतही ८० ते १०० वॉट उष्णता देत असते, तीही नेमक्या ३६-३७ अंशांवर, थर्मोस्टॅटसकट. बाळ गार पडू लागले की आईच्या छातीची त्वचा थोडी तापते, बाळ गरम झाले की ती निवते. हे कवित्व नव्हे, मोजून पाहिलेले वास्तव आहे.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांना इन्क्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास आरंभ केला. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. हीच कांगारू पद्धत. पुष्कळ काळ तिच्याकडे ‘गरिबांचा पर्याय’ म्हणून पाहिले गेले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो समज मोडला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ ते १.८ किलो वजनाची ३२११ बाळे त्यात होती. जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १२, आणि आधी वॉर्मर, मग स्थिरावल्यावर कांगारू, या गटात १५.७. म्हणजे यंत्राच्या बरोबरीने नव्हे, तर यंत्राहून सरस.

आपल्या महाराष्ट्रातील गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजाताची निगा राखण्याचा प्रयोग केला. गावातीलच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका बाळाचे वजन करीत, ताप पाहत, त्याला कोरडे करून गुंडाळून ठेवण्यास व लवकर पाजण्यास शिकवीत, आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात, त्यांचे मूळ येथेच आहे. त्यात उबेचा वाटा किती आणि औषधांचा किती हे वेगळे काढता येणार नाही, पण गार पडलेल्या बाळाला कोणतेही औषध नीट लागू पडत नाही, हे आपण सारे जाणतो.

कृती सोपी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे. आईच्या उघड्या छातीवर मधोमध उभे, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूस, नाक-तोंड मोकळे. वरून साडीचा किंवा मऊ ओढणीचा पट्टा, त्यावर आईचे झबले वा शाल. एका वेळी किमान तासभर, दिवसात जितके अधिक तितके बरे. बाळ अडीच किलोचे होऊन स्वतःच चुळबुळ करू लागेपर्यंत. आई झोपणार असेल तर पाठीशी उशा लावून अर्धवट बसती झोप हवी. माझा अनुभव असा, की मांदोणी-सिंदोणीकडील मातेला हे एकदा दाखविले की पुरते. बाळ अंगाला बांधून वावरणे तिला नवे नाही. अडचण येते ती शहरातील फ्लॅटमध्ये. ‘‘सर, काचेच्या पेटीत ठेवा ना, खर्चाचं बघू आम्ही’’ असे म्हणणारे नातलग भेटतात. चाळीत अडचण वेगळी: एकाच खोलीत सासरे-दीर, बाळंतिणीला संकोच. तेथे दोरीवर एक साडी आडवी टाकली की सोय होते. आईला ताप असेल, सिझेरियनची वेदना असेल, तर आजीने घ्यावे, वडिलांनी घ्यावे. रात्रपाळी करून आलेल्या वडिलांनी मात्र आधी अंघोळ करावी, कारण कारखान्यातील रसायनांचा वास कपड्यांना असतो. उन्हाळ्यात उलट सावध राहावे. एप्रिल-मे महिन्यांत तीन दुपट्यांत बांधलेले, तिसऱ्या दिवशी ताप आलेले बाळ जंतुसंसर्गाचे नसून पुष्कळदा तहानलेले आणि तापलेले असते.

अखेरीस आपल्या स्वतःच्या नवजात कक्षांकडे वळतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती, त्यांतील १० गेली. एका रेडियंट वॉर्मरच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये ठिणगी पडून आग लागल्याचे चौकशीत पुढे आले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात कक्षातील आगीतही १० बाळे दगावली. वॉर्मर, फोटोथेरपी, प्लास्टिक, फोमच्या गाद्या, आणि भोवती ऑक्सिजनने भरलेली हवा. एक वॉर्मर पाच-सहाशे वॉट घेतो. कक्ष सहा बाळांसाठी बांधलेला असतो आणि निकडीच्या दिवसांत त्यात बारा वॉर्मर लागतात, वायरिंग मात्र तेच. ज्या बाळाचे तापमान आईच्या छातीवर टिकते त्याला वॉर्मरखाली ठेवू नये; तेवढाच भार हलका. जे बाळ वॉर्मरखाली आहे त्याचा त्वचा-संवेदक दर दोन तासांनी पाहावा, कारण तो निसटून गादीवर पडला तर यंत्र बाळ गार झाले असे समजून तापतच राहते. वॉर्मरखाली त्वचेतून पाणी अधिक उडते, तेही द्रवाच्या हिशेबात धरावे. दर सहा महिन्यांनी विद्युत-भाराची तपासणी, वॉर्मरवर कापडे वा फाइली न ठेवणे, अग्निशामक नळकांडे हाताशी असणे. आणि एकदा रात्री दोन वाजता दिवे मालवून पाहावे, की कक्षाचे दुसरे दार उघडते का, ते बाहेरच्या बाजूस उघडते का, आणि त्याची किल्ली त्या घटकेला कोणाच्या खिशात आहे.